मावशीची काच

डेपोत गाड्या धुणाऱ्या पाच जणी होत्या, पण नुसतं ‘मावशी’ म्हटलं की सगळे एकीकडेच बघायचे. बाकीच्या चौघी गाडीचं अंग धुवायच्या, पायऱ्या झाडायच्या, सीटखालचे कागद काढायच्या. मावशी फक्त पुढची काच करायची. सव्वीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं, आणि त्याचा तिला गर्व होता. गर्व म्हणजे अगदी गर्वच. सौम्य शब्द वापरून तिची बाजू घेण्यात अर्थ नाही, कारण पुढचं सगळं त्या गर्वातूनच घडलं.

तिचे नियम ठरलेले. पांढरा कपडा काचेचा, निळा कपडा बाकी सगळ्याचा. पांढऱ्याला काचेखेरीज कशाचा स्पर्श चालायचा नाही. एकदा एका कंडक्टरनं त्या पांढऱ्या कपड्यानं आपला चष्मा पुसला, तर मावशीनं तो कपडा त्यालाच देऊन टाकला आणि आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. आधी पाणी, मग साबणाचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी, मग रबरी पट्टीनं वरून खाली ओढायचं. कोरड्या काचेवर कपडा घासणाऱ्याला ती सरळ अडाणी म्हणायची, मग तो साहेब का असेना. काच बाहेरून झाली की आतूनही, कारण आतल्या बाजूला माणसांच्या श्वासाची पुटं चढतात आणि ती कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

आणि शेवटचा नियम म्हणजे ओल्या काचेवर वायपर तीनदा फिरवून बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही. “कोरडी काच सगळ्यांचीच स्वच्छ दिसते,” असं ती म्हणायची. “ओली करा, मग बोला.”

वायपरच्या पट्ट्यासुद्धा तीच निवडायची. स्टोअरकीपरनं पहिली एकदोन वर्षं कुरकुर केली, मग नाद सोडला. नव्या पट्ट्यांचं खोकं आलं की तो ते टेबलावर मांडायचा आणि म्हणायचा, “या मावशी, मुलगी पाहायचा कार्यक्रम सुरू करा.” मावशी एकेक पट्टी हातात घ्यायची. रबराच्या धारेवरून अंगठा फिरवायची, पट्टी वाकवून सोडायची, ती झटक्यात सरळ होते की आळसावून हे बघायची. खोक्यावरची चकचकीत चित्रं तिच्या खिजगणतीतही नसायची. उन्हात पडलेलं रबर तिला वासावरून कळायचं. ड्रायव्हरच्या बाजूची पट्टी लांब, दुसऱ्या बाजूची आखूड. घाईत कुणी उलट बसवली, तर ड्रायव्हरच्या नजरेसमोरच हातभर काच पुसल्याविना राहते. म्हणून बसवायचीही तिनंच. दांड्यात पट्टी ‘कट्’ आवाज करून बसली की ती मान हलवायची, जणू कुणी तिच्या म्हणण्याला होकार दिला आहे.

तिच्या काचेचं खरं कौतुक एका माणसाला होतं, पण तो बोलायचाच नाही. डेपोत त्याला मौनीबाबा म्हणत. एकोणीस वर्षं गाडी चालवणारा, खाली मान घालून येणारा आणि खाली मान घालून जाणारा ड्रायव्हर. हजेरीला ‘आहे’ म्हणायचा, पण तेही समोरच्यानं कान दिला तरच ऐकू यायचं. मात्र रोज गाडीत चढण्याआधी तो पुढच्या काचेजवळ थांबायचा, दोन बोटांनी टकटक करायचा आणि विचारायचा, “मावशी, काच आहे की नाही?”

मावशी म्हणायची, “नाक आपटून बघ.”

हे एवढंच. पण एकोणीस वर्षं रोज. त्याचं दिवसभराचं बोलणं बहुधा तेवढ्यातच संपत असावं.

तर त्या दिवशी मुख्य कचेरीतून मोठे पाहुणे डेपो बघायला येणार होते. मॅनेजर सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरत होते. स्टोअरमधून नव्या पॉलिशच्या बाटल्या निघाल्या. गाडीच्या पत्र्याला लावायचं, घट्ट सायीसारखं पॉलिश. “गाडी आरशासारखी दिसली पाहिजे,” मॅनेजर म्हणाले. दोन जणी रजेवर होत्या, म्हणून मावशीच्याही हातात निळा कपडा आणि बाटली आली. तिनं नाक मुरडलं, पण कामाला लागली. मौनीबाबाची गाडी अगदी पुढे उभी करायची होती.

काचेखालचा पत्रा पॉलिश करता करता तिला काचेच्या कोपऱ्यात एक डाग दिसला. पक्ष्याची कृपा. पांढरा कपडा धुऊन दोरीवर वाळत होता, आणि दोरी पार मागच्या भिंतीला. मावशीनं इकडेतिकडे पाहिलं आणि हातातल्या निळ्या कपड्यानंच तो डाग टिपला.

डाग गेला तो गेलाच, पण तिथे काच अशी काही उजळली की मावशी बघतच राहिली. सव्वीस वर्षांत तिच्या हातानं असं तेज आलं नव्हतं. बाजूची काच एकदम म्हातारी दिसायला लागली. तेवढाच तुकडा चमकता ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिनं आणखी थोडं चोळलं. मग आणखी थोडं. असं करत करत ती स्टुलावर चढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी काच निळ्या कपड्यानं पुसून काढली. खाली उतरून चार पावलं मागे गेली, तर समोर काच नव्हतीच. नुसतं आकाश होतं, आणि त्यात मावशी.

पाणी मारून वायपर फिरवायचं तिला आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण पाणी मारलं की थेंबांचे डाग राहणार, आणि पाहुणे तर फाटकाशी आलेच होते. संध्याकाळची फेरी निघायच्या आधी बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पाहुणे आले. त्यातला सर्वांत मोठा साहेब मौनीबाबाच्या गाडीपुढे थांबला आणि काचेत बघून त्यानं आपले उरलेसुरले केस सारखे केले. सगळे हसले. मॅनेजरनं मावशीला पुढे बोलावून म्हटलं, “ही आमची मावशी. सव्वीस वर्षांत हिच्या काचेबद्दल एक तक्रार नाही.” साहेबानं तिच्याशी हात मिळवला. मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या भरात ती दुपारभर तरंगत राहिली, आणि वायपर फिरवायचे राहिले ते राहिलेच.

पाच वाजता मौनीबाबा आला. काचेपाशी थांबला, टकटक केली. “मावशी, काच आहे की नाही?”

“आज खरंच नाही,” मावशी म्हणाली.

तो हसला. तो हसला की त्याचा एक पुढचा दात थोडा तिरका दिसायचा. गाडी घेऊन तो गेला आणि मावशीही पिशवी उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली. मौनीबाबाची गाडी धुण्याच्या जागेजवळ उभी होती. पुढचा एक दिवा फुटला होता आणि कोपऱ्यातला पत्रा चेपला होता. आवारात मागेपुढे करताना गाड्या असल्या खुणा अंगावर घेतच असतात, म्हणून मावशीनं त्याकडे लक्ष दिलं नाही. आदल्या संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली होती आणि काच चिखलाच्या शिंतोड्यांनी भरली होती. तिला ते बघवेना.

तिनं पाणी मारलं. पाणी काचेवर पसरेना. मोत्यांसारखे थेंब होऊन ते घरंगळत खाली पळायला लागलं. कपडा फिरवला तर तो सटकत होता, आणि जिथून फिरला तिथे दुधट पट्टा उमटत होता. “कुणी तेलाचे हात लावलेत मेल्यांनी,” असं म्हणत तिनं साबण वाढवला, मग व्हिनेगर आणलं, आणि बाह्या सरसावून अर्धा तास ती काच घासत राहिली. पाणी एकसारखं पसरायला लागलं तेव्हा कुठे थांबली. मग वायपर वर उचलून रबराच्या धारा ओल्या फडक्यानं पुसल्या. फडक्यावर चिकट, पांढरट रेघ आली. ती तिनं नाकाशी नेली, आणि वास ओळखीचा निघाला.

तो पॉलिशचा वास होता. मावशी फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात एक मेकॅनिक आला. “कळलं ना मावशी? काल मौनीबाबानं माणूस उडवला. क्रॉसिंगवर. वाचला बिचारा, पण हातपाय मोडलेत. पोलिसांनी रात्रीच गाडी सोडली, आता आपली चौकशी बसणार.” मग काचेकडे बघून म्हणाला, “व्वा, धुतलीत पण?”

मावशीनं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. स्टूल ओलं होतं, ते तिला बऱ्याच वेळानं कळलं.

दहा वाजता डेपोचा तपासनीस वही घेऊन आला. त्यानं काचेवर नळीनं पाणी सोडलं, वायपर चालू केले आणि दोन मिनिटं बघून वहीत लिहिलं: काच अत्यंत स्वच्छ, वायपर नवे आणि उत्तम. लिहिताना तो मावशीकडे बघून ओळखीचं हसला.

मौनीबाबाला कामावरून दूर ठेवलं. गाडीखाली आला होता तो एक घड्याळजी. दुकान बंद करून घरी चालला होता. पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि उजवं मनगट चेचलं होतं. त्याचा जबाब इस्पितळात घेतला, आणि त्यातलं एक वाक्य डेपोत ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. घड्याळजी म्हणाला होता, ‘ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. आमची नजरानजर झाली, म्हणूनच मी पाऊल टाकलं.’

माणूस दिसत असताना गाडी थांबवली नाही, असा त्याचा अर्थ झाला. ब्रेक तपासले, ते ठीक होते. काच ठीक होती, वायपर ठीक होते. उरला फक्त ड्रायव्हर. एकोणीस वर्षं ज्याला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं त्याच्याबद्दल आता सगळे बोलायला लागले. आतल्या गाठीचा आहे, घुम्या माणसांचं असंच असतं, घरात काहीतरी बिनसलं असेल. ज्यांनी त्याच्या डब्यातलं वर्षानुवर्षं खाल्लं होतं तेसुद्धा.

चौकशीला मुख्य कचेरीतून एक बाई आल्या होत्या. करड्या केसांच्या, तुटक बोलणाऱ्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी मावशीला बोलावलं. त्यांच्यापुढच्या कागदात मौनीबाबाचा जबाब होता, तो त्यांनी वाचून दाखवला. “समोरच्या गाडीचे दिवे आले आणि सगळं पांढरं झालं. काही दिसलं नाही.” पुढे बाईंचा प्रश्न होता, काच खराब होती का? आणि त्याखाली त्याचं उत्तर: “काच मावशीची होती.”

“म्हणजे काय, ते तो सांगेना,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा. त्या दिवशी काच तुम्हीच पुसली होती?”

“हो.”

“वायपरच्या पट्ट्या कधी बदलल्या होत्या?”

“त्याच आठवड्यात. मीच निवडल्या.”

“काच स्वच्छ होती?”

मावशी टेबलावरच्या कागदाकडे बघायला लागली. मॅनेजर बाजूला बसले होते, ते आपणहून म्हणाले, “अहो बाई, मावशीची काच म्हणजे विचारायलाच नको.” बाईंनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. मावशीनं सही केली. तिची सही वळणदार आणि मोठी होती, ती कागदावर उगीचच ठसठशीत दिसली.

बाहेरच्या बाकावर मौनीबाबा बसला होता. दाढी वाढलेली, हात मांडीखाली घेतलेले. तिला बघून तो उठून उभा राहिला. ती त्याच्या अंगावरून पुढे गेली. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी किळस आली की नळाखाली जाऊन तिनं तोंड धुतलं.

घरी नवरा शिलाईयंत्रावर बसला होता. तो घरीच शिवणकाम करायचा, खिडकीशी, उजेड असेपर्यंत. त्याला तिनं सगळं सांगितलं. त्यानं पाय न थांबवता ऐकून घेतलं आणि दोरा तोडला.

“गाडी तू चालवत होतीस का?”

“नाही.”

“मग? त्याला दिसत नव्हतं तर थांबायचं होतं. तुला रिटायर व्हायला अकरा महिने राहिलेत. एवढ्या वर्षांचं नाव आहे तुझं. त्यांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. यात खोटं कुठे आलं?”

“त्यांनी विचारलं होतं. काच स्वच्छ होती का, म्हणून.”

“तू काय म्हणालीस?”

“काहीच नाही. माझ्या वतीनं साहेब बोलले.”

नवऱ्यानं पुन्हा यंत्र सुरू केलं. तो मनानं वाईट नव्हता. जन्मभर लोकांच्या कपड्यांचे उसवलेले टाके आतल्या बाजूनं जोडून देण्यात गेला होता, आणि जे बाहेरून दिसत नाही ते नाहीच, असं त्याला प्रामाणिकपणे वाटायचं.

मावशीचं मात्र खाण्यापिण्यातलं लक्ष उडालं. घरातल्या खिडकीची काच पुसायलाही तिचा हात उचलेना. चार दिवसांनी ती इस्पितळात गेली. आपण कोण हे न सांगता नुसतं लांबून बघून यायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण घड्याळजीचा पलंग दाराशीच होता, आणि त्यानं विचारलं, “कोण पाहिजे?”

“मी डेपोतली,” ती म्हणाली. “काच पुसणारी.”

त्यानं तिला बसायला सांगितलं. साठीकडे झुकलेला बारीक माणूस, पाय वजन लावून टांगलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातात एक मनगटी घड्याळ होतं आणि अंगठ्यानं तो त्याची चावी फिरवायचा प्रयत्न करत होता. जमत नव्हतं.

“डॉक्टर म्हणतात, हात हलेल,” तो म्हणाला. “पण माझं काम नुसतं हात हलण्याचं नाही ना.”

मावशीनं स्टूल पलंगाजवळ ओढलं.

“तुम्ही ओळखता त्या ड्रायव्हरला? मला एकच कळत नाही बघा. दुसरं काही नाही, रागबिग सोडून द्या. मी थांबलो होतो. पाऊस होता, म्हणून अगदी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानंही बघितलं. मग का नाही थांबला? मी त्याचं काय केलं होतं? रोज झोपायच्या आधी तेच डोळे समोर येतात.”

मावशी रडायला लागली. कुणाच्या तरी इस्पितळातल्या पलंगापाशी परक्या बाईनं असं रडणं शोभत नाही हे तिला समजत होतं, तरी थांबता येईना. घड्याळजी गोंधळला आणि डाव्या हातानं तिला पाण्याचा पेला द्यायला लागला. त्यातलं अर्धं पाणी चादरीवर सांडलं.

“त्याला तुम्ही दिसला नाहीत हो,” ती म्हणाली. “तो तुमच्याकडे बघत होता, पण तुम्ही दिसत नव्हता. ते माझ्यामुळे.” आणि तिनं पत्र्याच्या पॉलिशपासून सगळं सांगितलं.

तो छताकडे बघत म्हणाला, “मला सांगून काय उपयोग? जिथे सांगायचं तिथे सांगा.”

दुसऱ्याच दिवशी ती मॅनेजरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. चौकशीच्या बाईही तिथेच होत्या. मावशीनं सगळं सांगितलं, एका दमात, नजर खाली न घालता. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

काही कोसळलं नाही. मॅनेजर उठले, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि मऊ आवाजात म्हणाले, “मावशी, तुमचं मन मोठं आहे. त्याच्यावर तुमचा जीव आहे, आम्हाला माहीत आहे. पण असं दुसऱ्याचं पाप अंगावर नाही घेऊ.”

“अहो, पण मीच लावलं ते पॉलिश.”

“तपासणीचा अहवाल आहे,” बाई म्हणाल्या. “काच अत्यंत स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची.”

“कारण मी साडेसहालाच धुतली होती. अपघाताचं कळायच्या आधी.”

मॅनेजर आणि बाई एकमेकांकडे बघून कनवाळूपणे हसले. मावशीला ओरडावंसं वाटलं. सव्वीस वर्षं तिनं जे नाव घासूनपुसून लखलखीत केलं होतं, त्याच्यापलीकडचं कुणाला काही दिसेचना. पुरावा होता, तोही तिनंच आपल्या हातानं साबण लावून गटारात सोडला होता. बाईंनी सांगितलं, उद्या अहवाल पूर्ण होईल, आणि ड्रायव्हरला कामावरून काढायची शिफारस त्यात आहे.

“मग उद्या अर्धा तास मला द्या,” मावशी म्हणाली. “धुण्याच्या शेडमध्ये या. एवढं तरी ऐका माझं.”

बाई मॅनेजरना घेऊन आल्या. बहुधा तिच्या वयाकडे बघून आल्या. शेडमध्ये भर दुपारी अंधारंच असायचं, आणि त्या दिवशी वर ढगही होते. मावशीनं एक गाडी धुऊन तयार ठेवली होती, आणि तिच्यासमोर वीसएक पावलांवर दुसरी गाडी तोंड करून उभी करून घेतली होती. पॉलिशची उरलेली बाटली स्टोअरमधून आणली होती. स्टोअरकीपर, मेकॅनिक, बाकीच्या चौघी, सगळे कामं टाकून जमले. मौनीबाबा मागे खांबाला टेकून उभा होता. त्याला तिनंच निरोप पाठवला होता.

मावशी स्टुलावर चढली. निळ्या कपड्यावर पॉलिश ओतलं आणि स्वच्छ काचेवर कपडा टेकवला. तिथे तिचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा ती जाणूनबुजून काच खराब करत होती. मग तिनं दात आवळले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळलं. काच लखलखली. चौघींपैकी एकजण नकळत म्हणाली, “किती सुंदर.”

“बाई, तुम्ही ड्रायव्हरच्या जागेवर बसा,” मावशी म्हणाली.

बाई चढल्या. आतून म्हणाल्या, “छान स्वच्छ दिसतंय.”

मावशीनं मेकॅनिकला खूण केली. त्यानं नळीचं तोंड दाबून काचेवर पावसाच्या सरीसारखं पाणी सोडलं आणि वायपर चालू केले. नव्या, तिच्याच अंगठ्याखालून गेलेल्या पट्ट्या काचेवर अडखळल्या, थरथरल्या आणि दुधाचा हात फिरवावा तसा पांढरा थर मागे ठेवत फिरायला लागल्या. मग समोरच्या गाडीचे दिवे लागले.

मावशी चालत गेली आणि दोन गाड्यांच्या मध्ये उभी राहिली. पाण्याचे तुषार तिच्या अंगावर येत होते. तिनं हात वर केला.

“बाई, माझ्याकडे बघा. माझी किती बोटं दिसतात?”

दिव्यांचा झोत थेट बाईंच्या तोंडावर पडत होता, त्यामुळे काचेआडून त्यांचा चेहरा तिला स्वच्छ दिसत होता. त्या थेट तिच्याकडे बघत होत्या. नजरेला नजर भिडली होती, केसाएवढीही इकडेतिकडे नाही. घड्याळजीला दिसले ते डोळे असेच असणार.

“बाई?”

वायपर तीनदा फिरले. मग खिडकीतून बाईंचा आवाज आला, आधीपेक्षा वेगळा. “मावशी, तुम्ही आहात कुठे?”

“इथेच,” मावशी म्हणाली. “तो घड्याळजी उभा होता तिथे.”

मॅनेजर पुढे झाले, बाईंना खाली उतरायला सांगून स्वतः चढले, आणि उतरले तेव्हा त्यांना मावशीकडे बघता येईना. मेकॅनिकनं नळी बंद केली. मागे खांबाशी मौनीबाबा दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला होता.

मौनीबाबाला पुन्हा कामावर घेतलं. मावशीला काचेवरून काढलं आणि उरलेल्या अकरा महिन्यांसाठी कचेरीच्या बोळातली झाडलोट दिली. तिच्या हातात तसं पत्र दिलं, आणि त्यावरही तिनं त्याच ठसठशीत अक्षरात सही केली. नवरा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी तिच्या फाटक्या एप्रनला न सांगता ठिगळ लावून ठेवलं. घड्याळजीचा उजवा अंगठा अजून पूर्ण वळत नाही. मावशी दर आठवड्याला त्याच्याकडे जाते. तो तिला कधी ‘झालं गेलं’ म्हणत नाही, आणि तीही तशी अपेक्षा ठेवत नाही.

मौनीबाबा परत आला त्या सकाळी ती बोळ झाडत होती. गाडी दुसरीनं धुतली होती. त्याला तोंड दाखवायला नको म्हणून मावशी दाराआड सरकली, पण तो सरळ बोळात आला. हातात पाण्यानं भरलेला मग होता. तो त्यानं तिच्यापुढे धरला.

“अरे, माझं काम नाही आता ते,” ती म्हणाली.

तो मग धरून उभाच राहिला.

शेवटी तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि त्याच्या मागून गेली. तो गाडीत चढला. त्यानं काचेवर टकटक केली नाही, नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. मावशीनं वर हात करून मगातलं सगळं पाणी काचेवर फेकलं. वायपर एकदा फिरले, दोनदा फिरले, तीनदा फिरले. ती गाडीपुढे रिकामा मग घेऊन उभी होती, आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून काचेतून तिच्याकडे बघत होता. बराच वेळ बघत होता.

मग त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“दिसतेस,” तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.